साच्यातला डेली

मित्रांनो, मला नाक नाही; नाकाच्या जागी खड्डा आहे. मी प्लास्टरचा एक जुना साचा आहे. माझ्यात खळ लावलेला कागद थापला की एका माणसाचा चेहरा बाहेर येतो आणि पाच नोव्हेंबरला इंग्लंडातल्या आमच्या ससेक्समधल्या गावात तो जाळतात. म्हणूनच ऑक्टोबर लागला की माझ्या जिवाला चैन पडत नाही.

तीनशे वर्षांपूर्वी काही कॅथलिकांनी, आपल्या पंथाला छळणाऱ्या राजाला संसदेसकट बारुदीने उडवायचा कट केला. तळघरात बारूद राखणारा पकडला गेला आणि कट फसला. राजा वाचला म्हणून तेव्हा जी होळी पेटली, ती अजून विझायचं नाव घेत नाही. त्या होळीत त्या बारूदवाल्याचा पुतळा जाळतात.

आमच्या गावात पुतळा करायचं काम गाड्यांची चाकं बनवणाऱ्या पेलिंगकडे होतं, पण त्याला पुतळ्याचं तोंड काही केल्या साधेना. त्याचा दोस्त डेली भिंतींना गिलावा करायचा. डेली स्वतः कॅथलिक, पण तोच बाकावर आडवा झाला आणि श्वासासाठी नाकपुड्यांत गवताच्या पोकळ काड्या खोचून म्हणाला, "ओत तोंडावर प्लास्टर. इतकी वर्षं आम्हाला जाळताय, एकदा ओळखीचा तरी जाळा."

असा माझा जन्म झाला. दर वर्षी डेली बिअरचा मग घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा आणि स्वतःला जळताना पाहून टाळ्या पिटायचा. पुतळा हुबेहूब झालाय म्हणून लोक माझं कौतुक करत. मला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. माझ्या पोटातून आलेलं सगळं राख होत होतं, मित्रांनो.

मग एका वसंतात डेली शिडीवरून पडला आणि गेला. त्या ऑक्टोबरात पेलिंगने मला फळीवरून काढलं, बराच वेळ माझ्या आत पाहिलं आणि हातोडा उचलला. मेलेल्या दोस्ताला जाळायचं तरी कसं, असं काहीतरी तो पुटपुटत होता. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

तेवढ्यात डेलीची मुलगी सिसिली दारात आली. लग्न होऊन ती शेजारच्या गावी राहत होती. हातोडा पाहून ती जागीच थबकली.

"काका, हे काय करताय?"

"तुझ्या बापाला आता मी आगीत घालणार नाही."

"घाला की खुशाल. त्यांना मजा वाटायची. पण साचा फोडू नका." तिने माझ्यावर हात ठेवला. "आमच्याकडे बाबांचा एकही फोटो नाही."

पेलिंगने हातोडा ठेवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मीही रडलो असतो, पण प्लास्टरला ओल सोसत नाही.

तेव्हापासून दर वर्षी तो दोन चेहरे काढतो. एक होळीला, एक सिसिलीला. एरवी मी शेडमध्ये पडून असतो. माझ्यावर कुणीतरी रंगाचे डबे रचून ठेवतं आणि मला तडे जातात. मित्रांनो, पोकळ दिसतो म्हणून साच्याला रिकामा समजू नका. त्याला कोरड्या जागी, मऊ कापडात ठेवा.

माझे तडे आता कागदावर रेघा होऊन उमटतात. परवा सिसिलीने नवा चेहरा खिडकीपाशी नेला आणि त्याच्या गालावरून हात फिरवला.

"काका, बाबांना सुरकुत्या पडल्या," ती म्हणाली.

डेली गेला तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नव्हती.