माठाच्या पाण्याचा निवाडा

"आता ह्येचाबी निवाडा म्याच करू व्हय?" कराडच्या सायबर कॅफेत मानसिंग पडद्याकडे बघत खेकसला. शेजारच्या दोघांनी माना वळवल्या.

१९९९ साल. गाव सोडून पांगलेल्या चाळीसएक जणांचा ईमेलवर एक गट होता. फौजेतून निवृत्त होऊन मलकापुरात राहिलेल्या मानसिंगला त्यांनी पंच केले होते, तेही बिनपगारी. यात्रेची तारीख, देवळाचा रंग, कुणी कुणाला इंग्रजीत काय म्हटले, सगळे त्याच्याच गळ्यात. निकाल दिला की दोन्हीकडचे त्याच्यावरच उखडत.

या वेळी त्याच्या वर्गातल्या धोंडिरामने पुण्याहून शाळेची आठवण लिहिली होती: 'आम्ही बौद्ध झालो तरी शाळेच्या माठाला हात लावू देत नसत. कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचो.' त्याच वर्गातला लालासाहेब अबुधाबीहून उसळला: 'साफ खोटं. गावाची बदनामी. पंचांनी हे पत्र गटावरून काढून टाकावं.' पाठोपाठ नऊ जणांनी त्याचीच री ओढली.

जेवतानाही मानसिंग धुमसत होता.

"आवं, दोघांस्नीबी गप बसा म्हना की," बायको अंजना म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

"आजवर त्येच केलं."

"मग?"

"तांब्या माज्या हातात असायचा."

अंजनाचा भाकरी वाढणारा हात थांबला. "कवा बोलला न्हाईसा."

"कुनी इचारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्याने गटाला लिहिले: 'धोंडिराम खरं बोलतो. पाणी ओतणारा मी होतो. तांब्याला हात लागू नये म्हणून उंच धरायचो. पत्र राहील.'

आठवड्यात चौदा जणांनी गट सोडला. लालासाहेबाने फोन केला.

"मान्या, आपल्याच मानसांच्या तोंडाला काळं फासलंस रं!"

"लाला, तूबी तितंच उभा हुतास," म्हणत मानसिंगने फोन ठेवला.

शनिवारी धोंडिरामचे पत्र आले, फक्त त्याच्यासाठी: 'मानसिंग, ओतणारा तूच होतास हे मी विसरलो नव्हतो. तुझं नाव मुद्दाम लिहिलं नाही. तू आपणहून सांगतोस का, ते बघायचं होतं.'

मानसिंग उत्तर लिहायला बसला. फौजेत वायरलेसवर भराभर संदेश पाठवणारी त्याची बोटे कीबोर्डवर नुसतीच टेकून राहिली. वेळ संपल्याचे कॅफेवाल्याने दोनदा सांगितले.

"आनखी अर्धा तास द्या," तो म्हणाला.

पडद्यावर 'धोंडिराम,' एवढेच लिहून झाले होते.