रेडिएटरमधली पूड

गाडी चालवताना रेडिओ लावायचा नाही, हे सिस्टरने हल्ली ठरवूनच टाकलं होतं. रेडिओ लावला की गाडीचे आवाज ऐकू येत नाहीत, आणि आवाज ऐकू आले नाहीत की तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

सिस्टर घरोघरी जाऊन रुग्ण बघायची. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाला नुसतंच उठवून खुर्चीत बसवायचं. दिवसाला आठ घरं, ती पण शहराच्या आठ कोपऱ्यांत. थोरल्या भावाने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी, हिरवी, कुठल्याही फटीत मावणारी छोटी गाडी त्याने तिला दिली. दिली म्हणजे विकली, पण घरच्या भावात.

"पेट्रोल टाक आणि फिर," दादा म्हणाला होता. "तीन वर्षांत हिने मला एकदाही रस्त्यात उभं केलं नाही."

पहिल्याच महिन्यात बॅटरी गेली. मग क्लच. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मग पुढच्या चाकाचं बेअरिंग, मग विम्याचा हप्ता. नवरा म्हणाला, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." सिस्टर म्हणाली, "दादाची गाडी आहे. जुनी झाली की एवढं चालायचंच." हे वाक्यसुद्धा दादाचंच होतं.

मग गाडी तापायला लागली. सिग्नलला उभी राहिली की काटा चढायचा. कुणीतरी सांगितलं, हीटर लावा, म्हणजे इंजिनची उष्णता आत ओढली जाते. भर उन्हात हीटर पूर्ण सोडून, चारी काचा खाली करून ती घामाने निथळत रुग्णांकडे पोचायची. एक आजोबा तिला बघून म्हणाले, "सिस्टर, आज माझं राहू दे. आधी तुमचाच ताप मोजा." ती हसली, पण सुई भरताना तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं. खाली उभ्या गाडीच्या बॉनेटमधून वाफ येते आहे का, ते ती बघत होती.

दर दोन दिवसांनी पाण्याची टाकी रिकामी व्हायची, आणि गाडीखाली मात्र एक थेंब नसायचा.

"थेंब नाही म्हणजे पाणी इंजिनच पितंय," गॅरेजवाले काका म्हणाले. त्यांनी तेलाचं झाकण उघडून दाखवलं. झाकणाच्या आतून पिवळट फेस जमला होता. इंजिनच्या दोन भागांमधली पातळ गॅस्केट जळली होती. मग त्यांनी रेडिएटरच्या तोंडात बोट घातलं आणि बाहेर काढून तिच्यासमोर धरलं. बोटाला तपकिरी गाळ लागला होता.

"ही गळती बंद करायची पूड. जखम तशीच ठेवून वरून पट्टी बांधावी ना, तसं हे काम. तुम्ही टाकलीत?"

"नाही."

"मग तुमच्या आधी ज्याची होती त्याने. चांगलं वर्ष झालं असेल."

सिस्टरने गाडी घेऊन नऊ महिने झाले होते. तिने मनात हिशेब केला, मग पुन्हा केला. उत्तर तेच येत होतं.

दुरुस्तीचा आकडा तिच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा होता. घरी आल्यावर ती बसली नाही. ओटा पुसला, मग पुसलेला ओटा पुन्हा पुसला. दादाला फोन लावला आणि पहिल्या घंटीलाच कापला. त्याला विचारायचं म्हणजे त्याच्याकडून खोटं ऐकायचं, नाहीतर खरं. दोन्ही नको होतं.

"विकून टाक," नवरा म्हणाला. "बाहेरून चकचकीत आहे. सकाळी थंड असताना दाखवायची, छोटी चक्कर मारून आणायची. कुणाला कळतंय?"

तिने जाहिरात टाकली.

शनिवारी सकाळी एक बाई आल्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या. पन्नाशीला आल्यावर गाडी शिकल्या होत्या, आणि शाळा नदीपलीकडे हलल्यापासून त्यांना दोन बस बदलाव्या लागत. मुलीने लिहून दिलेला प्रश्नांचा कागद त्यांनी पर्समधून काढला. चष्मा लावून त्या एकेक प्रश्न वाचत होत्या, जणू आपलीच परीक्षा चालली आहे. टायर कधी बदलले? क्लच? सिस्टर खरी उत्तरं देत गेली. खरी उत्तरं देताना तिला फार बरं वाटत होतं.

"शेवटचा. गाडीने कधी त्रास दिलाय का?"

"पेट्रोल टाका आणि फिरा," सिस्टर म्हणाली.

ते शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा तिला ते आपल्या आवाजात नाही, दादाच्या आवाजात ऐकू आले. बाईंनी कागदाची घडी घातली, छोटी चक्कर मारली, विसार दिला. मंगळवारी न्यायला येते म्हणाल्या.

रविवार सिस्टरने कसाबसा काढला. सोमवारी तिने एका रुग्णाचं ड्रेसिंग दोनदा सोडून बांधलं. तिसऱ्या घरी गोळ्यांची डबी विसरली, परत गेली, आणि परत जाताना गल्ली चुकली. वीस वर्षांत तिचं असं कधी झालं नव्हतं. दुपारी रस्त्याच्या कडेला गाडी लावून तिने बाईंना फोन केला.

"गाडी उद्या नेऊ नका. ती बिघडलेली आहे. इंजिन उघडावं लागेल. मला शनिवारी माहीत होतं."

पलीकडे मागे शाळेचा गलका ऐकू येत होता.

"मी सगळे प्रश्न विचारले होते," बाई म्हणाल्या.

"हो. तुम्ही विचारलं होतंत."

"नदीवरच्या पुलावर बंद पडली असती तर?"

बाईंनी माफ केलं नाही, की आवाजही चढवला नाही. विसार आज संध्याकाळपर्यंत परत हवा, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. सिस्टरने तो अर्ध्या तासात परत केला, आणि तशीच दादाच्या घरी गेली.

दादा दारात आला. तिचा चेहरा बघून त्याने आत बोलावलंच नाही. स्वतःच बाहेर येऊन त्याने दार ओढून घेतलं.

"रेडिएटरमध्ये पूड तू टाकलीस?"

त्याने इकडे तिकडे बघितलं. "कोण म्हणालं?"

"दादा, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही."

तो पायरीवर बसला. "मेकॅनिकने सांगितलं होतं, पूड टाका आणि विकून मोकळे व्हा. मी बाहेरच विकणार होतो. तेवढ्यात तू मागितलीस. नाही म्हणणार होतो. पण तू आईला सांगत सुटलीस, वहिनीला सांगत सुटलीस, दादाने गाडी दिली म्हणून. मग कसं सांगायचं?"

"तोंडाने."

"रोज ठरवत होतो. तुझा फोन आला की वाटायचं, कळलं हिला."

"आणि मी बॅटरी, क्लच सांगायची तेव्हा?"

"तेव्हा बरं वाटायचं," दादा खाली बघत म्हणाला. "ते खरंच माझं पाप नव्हतं."

सिस्टरला त्याच्यावर ओरडायचं होतं. सगळ्या रस्त्याने तिने शब्द जुळवून आणले होते. पण शनिवारी टायरांबद्दल खरं सांगताना आपल्याला किती हलकं वाटलं होतं, ते तिला आठवलं, आणि जुळवलेल्यांतला एकही शब्द बाहेर पडेना. चित्रकलेच्या बाईंची हकिगत तिने त्याला सांगितली. कुणाला तरी सांगायचीच होती, आणि समजेल असा तोच एक होता.

दादाने दुरुस्तीचा सगळा खर्च देतो म्हटलं. तिने अर्धाच घेतला. अर्धी गाडी आपण डोळे मिटून घेतली होती, असं ती म्हणाली.

काम अकरा दिवस चाललं. त्या अकरा दिवसांत दादा रोज कामाला उशिरा जायचा आणि तिला आपल्या नव्या गाडीतून सकाळच्या चार घरांना सोडायचा. तो खाली थांबायचा, ती वर जायची. पाचव्या दिवशी ती एका इमारतीखाली उतरत असताना त्याने विचारलं, "अजून राग आहे?"

"आहे."

"बरं," तो म्हणाला. "इंजेक्शनच आहे की ड्रेसिंग पण?"

"ड्रेसिंग पण. वेळ लागेल."

"लागू दे. मी आहे," असं म्हणून त्याने गाडी सावलीत घेतली.