नाव न घेता गोष्ट

आबांची गोष्ट इतकी रंगली की तिसरीच्या पोरांनी त्यांना घरी सोडायला साफ नकार दिला आणि शेवटी शिपायाला मध्ये पडावं लागलं. हे झालं. पण तूर्त हे झालेलंच नाही असं धरून चालू, कारण त्या दिवशी सकाळी आबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि शाळेत येणार का म्हटलं की "नाही" म्हणत होते. आजारपणानंतर त्यांच्याकडे जे शब्द हुकमी उरले होते, त्यात हा सगळ्यात धडधाकट.

आबा म्हणजे बस स्थानकातले माजी निवेदक. उभी हयात कर्ण्यावरून गाड्या पुकारण्यात गेलेली. आवाज असा भारदस्त की चुकीच्या गाडीत बसलेला माणूससुद्धा ताठ मानेने बसून राही. मग एके दिवशी मेंदूतली एक नस रुसली. आवाज तसाच राहिला, अक्कल तशीच राहिली, फक्त जे नाव हवं असे नेमकं तेच पसार होई. चष्मा हवा असला की चष्मा सोडून बाकी सगळं आठवे. "जरा ते दे... ते..." म्हणायचे आणि हात हवेत राहायचा.

अशा वेळी घरातले सगळे मदतीला धावत. घोळ होता तो इथेच. आबांची नात भुंगी. तिचे बाबा कुलपं दुरुस्त करायचे. ते आबांना एकेक शब्द किल्लीसारखा लावून बघत. "चमचा? चप्पल? चहा? मग काय, चावी?" आई शिवणकाम करायची. वाक्य अर्धवट लोंबताना दिसलं की तिला राहवत नसे, लगेच टाका घालून मोकळी. आणि भुंगी तर भुंगीच. ती गप्प बसली की घरचे तिच्या कपाळाला हात लावून ताप बघत. आबांच्या ओठांची हालचाल व्हायच्या आत तिचा शब्द तयार. परिणाम असा की आबांनी बोलणंच टाकलं. पूर्वी झोपताना भुंगीला गोष्ट सांगायचे. आता तिने हट्ट केला की तिच्या डोक्यावर थोपटायचे आणि भिंतीकडे वळायचे. भिंत कधी मध्ये बोलत नाही.

भुंगीला गोष्ट परत हवी होती. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

भुंगीच्या वर्गात, तिसरीत, बाईंनी एक तास सुरू केला होता. कुणाचे तरी आजी-आजोबा येऊन जुनी गोष्ट सांगत आणि त्यातून मुलं बोलायला शिकत. पोटात कावळे ओरडणं म्हणजे काय, डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणजे काय. (खरं तेल घालायचं नसतं, हे एका उत्साही मुलासाठी दोनदा सांगावं लागलं.) नियम एकच, पण कडक. गोष्टीत जे कोण येईल त्याचं नाव घ्यायचं नाही. ते कशासारखं आहे एवढंच सांगायचं. ऐकणाऱ्यांनी ओळखलं तरी नाव पोटात ठेवायचं. जो मध्येच फोडेल त्याने गोष्ट संपेपर्यंत तोंडावर बोट ठेवून दाराशी उभं राहायचं. मागच्या खेपेला एक आजी, निवृत्त न्यायाधीश होत्या म्हणे, "एक होता कोल्हा" म्हणाल्या आणि उरलेला तास दाराशी उभ्या होत्या. शिक्षा त्यांनी मान्य केली, पण अपील करणार म्हणाल्या.

"आबा, तिथे नाव घेतलं तर शिक्षा होते," भुंगी म्हणाली.

आबांनी भिंतीवरची नजर काढली. "खरं?"

"आईशप्पथ."

"माझी कशाला घेतेस?" आई आतून ओरडली. "बापाची घे!"

"आणि... मी..." आबांचा हात हवेत राहिला.

"अडकलात तर कुणी काही बोलणार नाही. बोलायचंच नसतं."

"तू?"

भुंगीने ओठांवर बोट ठेवून पाहिलं. "मीपण नाही."

"ही?" बाबा म्हणाले. "आबा, हिच्या तोंडाला बसेल असं कुलूप अजून बाजारात आलेलं नाही."

आबांनी उठून इस्त्रीचा सदरा मागितला. म्हणजे बोट दाखवलं. बाबा "सतरंजी?" म्हणाले, तेव्हा आईने त्यांना चिमटा काढला.

वर्गात त्यांना बाईंची खुर्ची मिळाली. समोर कर्णा नाही हे बघून त्यांनी घसा जरा जास्त खाकरला.

"फार वर्षांपूर्वी," आबा म्हणाले, आणि खिडकीच्या काचा सावरून बसल्या. "पाणी नव्हतं. कुठेच नाही. जीभ कशी, खडूसारखी. मग सगळ्यांनी त्याला पाठवलं, तो... केस विंचरत नाही. सगळ्यांचा साहेब."

पोरं कुजबुजली. एकाचा संशय मुख्याध्यापकांवर गेला होता, पण त्यांना टक्कल असल्यामुळे तपास थांबला.

"त्याने वर बघून डरकाळी फोडली. वरचं घाबरून लांब पळालं. मग गेली... चालती भिंत. पुढे नळ."

वर्ग खुदखुदला. बाई फळ्यावर भराभर लिहीत होत्या.

"नळाने ओढलं, ओढलं. येईना. मग गेला तो. घर पाठीवर, भाडं नाही. घाई तर मुळीच नाही. पोचला. वर बघून म्हणाला, दमला असशील, टेक जरा माझ्या पाठीवर. आणि मग ते... ते..."

हात हवेत राहिला.

भुंगीला तो हात पाठ होता. शब्द तिच्या जिभेवर येऊन बूट घालून तयार उभा राहिला. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. शेजारच्या मुलाने परिस्थिती ओळखून वरून आपलेही हात ठेवले. तिचे डोळे भरून आले, नाक गळायला लागलं, त्या मुलाने तरीही माघार घेतली नाही. घरात इतकी शांतता कधी टिकलीच नव्हती. आबांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. कुणीही किल्ली लावत नव्हतं. सगळे नुसते थांबले होते, जणू उशिरा येणारी गाडी येणार याची सगळ्यांना खात्री आहे.

आबांचा हात खाली आला नाही. उलट थोडा वर गेला, दोरीवर काहीतरी टाकावं तसा.

"न पिळलेली चादर," आबा म्हणाले. "वर वाळत घातलेली."

कुणीतरी "आह्" केलं. बहुतेक बाईंनीच.

"ती टेकली त्याच्या पाठीवर. आणि मग... टप. टप. टप."

पुढच्या बाकावरच्या मुलीने दप्तर डोक्यावर घेतलं.

गोष्ट संपल्यावर नावं फुटली. सिंह, हत्ती, कासव. आबांनी एकेक नाव मुलांमागून गाडी पुकारल्यासारखं म्हटलं. "ढग!" वर्ग ओरडला. आबांनी ओठ जुळवून पाहिले, पुन्हा जुळवले. नाही आलं. वर्गात चार भिंती होत्या, आबा कुठल्याही भिंतीकडे वळू शकले असते.

"न पिळलेली चादर," आबा ठणकावून म्हणाले.

"तेच बरंय," मागच्या बाकावरून आवाज आला. "ढग काय, कुणीही म्हणतं."

मग ते शिपायाचं प्रकरण झालं.

त्या संध्याकाळी रेडिओवर हवामानाच्या बातम्या लागल्या, तेव्हा आबा ऐकता ऐकता एका शब्दापाशी कपाळाला आठी घालून थांबले. बाबांनी तोंड उघडलं. भुंगीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते मिटलं. दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गाने बाईंकडून शुद्धलेखन तपासून घेऊन टपालात टाकलं ते पत्र असं:

माननीय प्रमुख, हवामान खाते यांस,

आमच्या वर्गाच्या आबांना आपला अंदाज विनासायास समजावा, यासाठी यापुढील सर्व बातम्यांत, नकाशांत व शासकीय पत्रव्यवहारात 'ढग' या शब्दाऐवजी 'न पिळलेली चादर' असा उल्लेख करण्यात यावा, तसेच निवेदकांनी सदर शब्दाआधी थोडे थांबावे, म्हणजे आबांना तो आधी म्हणता येईल, ही नम्र विनंती.