खुरूज

हुसेनमियाँचं राजकारण ते केवढं! एकदा ग्रामपंचायतीचे मेंबर, मग सरपंचकीला सात मतांनी आपटले. पण बोलणं असं, की देशच चालवायचाय! "आपलं गाव, आपलं राज्य! खाडीत घाण सोडणारी कंपनी कोण लागून गेली?" खाडी वाचवायला हिरवा झेंडा घेऊन फिरले, तर अर्ध्या गावाला वाटलं, मशिदीचं काहीतरी काम आहे. हरले ते त्यामुळेच. मग पोटासाठी सौदीत, तबूकच्या शेतावर मुकादम झाले, आणि सहा वर्षं जमिनीखालचं पाणी पंपानं उपसून वाळवंट हिरवं करतायत. याला काय म्हणावं, त्यांचं त्यांनाही कळेना.

आता पुन्हा निवडणूक लागली. अर्जाची मुदत मंगळवारपर्यंत. त्यांनी कफीलला, म्हणजे मालकाला, मोडक्या अरबीत सांगितलं, "खुरूज. पंधरा दिवस. खलास!" मालकानं मिठी मारली, खजुराचा डबा दिला, डोळे पुसले. मियाँ चक्रावले. पंधरा दिवसांसाठी एवढं प्रेम?

कागद आला तेव्हा शेतावरचा ड्रायव्हर उमैर वाचून कपाळावर हात मारत म्हणाला, "चाचा, हा कायमचा जायचा कागद! नुसतं खुरूज बोललात, परत यायचं अवदा बोललातच नाही!"

मालक म्हणाला, रद्द करतो, पण नवा कागद पुढच्या आठवड्यात. म्हणजे अर्ज भरावा तर नोकरी गेली, नोकरी धरावी तर अर्ज गेला. पोरीचं, नूरैनचं, नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू. मियाँचं डोकंच चालेना. त्यांनी बायकोला फोन लावला.

"तिथंच राहा," कुबरा म्हणाली. "फॉर्म मी भरते."

"तू? अगं, भाषण येतं का तुला?"

"भाषण तुम्हाला येतं हो. खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या मेल्या तेव्हा ग्रामसभेत बोंब कोणी मारली? सहा वर्षं इथं कोण आहे, नूरैनच्या अब्बा?"

मियाँना राग आला, लाज वाटली, आणि मधेच हसूही आलं. ते तसेच मालकाकडे गेले. "कॅन्सल," म्हणाले.

"घरी कोणी आजारी?" मालकानं तोडक्या हिंदीत विचारलं.

"नाही. बायको उभी राहतेय."

मालक गोंधळला. "कुठे?"

"माझ्या जागी," हुसेनमियाँ म्हणाले, आणि त्यांना रडूच फुटलं.