बुजवलेलं भोक

गवंड्याने भिंतीला कान लावला आणि चटकन मागे घेतला. आवाज होता. खरखर, मग शांतता, मग पुन्हा खरखर.

"काही ऐकू आलं का गं?" त्याने होईल तितक्या सहज विचारलं.

"कुठे काय?" बायको चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही.

दोन वर्षांपूर्वी कामावर भिंत कोसळून तो दिवसभर ढिगाऱ्याखाली अडकला होता. त्यानंतर कितीतरी महिने त्याला भिंतीभिंतीतून नखांचे आवाज येत. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, शेजाऱ्यांची कुजबुजही झाली. आता कुठे हातात पुन्हा थापी आली होती. हे परत सुरू झालं तर काम जाईल, आणि या खेपेला बायकोही सोडून जाईल, असं त्याला वाटलं.

तो खिडकीकडे वळला. खिडकीच्या कठड्यावर बायकोने टाकलेले दाणे तसेच पडले होते. एरवी चहा उकळेपर्यंत चिमण्या ते फस्त करत. आज एकही फिरकली नव्हती.

त्याने वर पाहिलं. वारा येतो म्हणून छताखालचं भोक त्याने काल दोन्ही बाजूंनी बुजवलं होतं, तेही दिवेलागणीला. थंडीत पाखरं उन्हं कलताच उबेला आत शिरतात. भोक बुजवायचं ते भर दुपारी, ती दाणे टिपायला गेलेली असताना. उस्तादाने हे त्याला कान पिळून शिकवलं होतं.

त्याने खिडकी सताड उघडली आणि तो स्टुलावर चढला. आत काहीच नसलं तर? डोळे मिटूनच त्याने छिन्नीवर पहिला घाव घातला. ओला गिलावा ढासळला. एक चिमणी त्याच्या गालाला घासून गेली. मागून दुसरी, मग आणखी चार-पाच. सगळ्या थेट दाण्यांवर.

"खऱ्याच होत्या गं," तो म्हणाला.

बायकोने स्टूल घट्ट धरलं होतं. ती कधी आली, त्याला कळलंच नव्हतं.

"मला कालपासून ऐकू येत होतं," ती म्हणाली.

"मग मघाशी 'कुठे काय' का म्हणालीस?"

"तुम्हाला ऐकू येऊ नये, एवढंच देवाला विनवत होते. तुम्हाला वाटेल पुन्हा तेच सुरू झालं, म्हणून खोटं बोलले."

भोकाच्या कडा बोटांनी साफ करत तो म्हणाला, "आजपासून एक पांघरूण जास्त काढ."