पैकीच्या पैकी

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नावली आहे. चार पानं, चाळीस प्रश्न आणि कोपऱ्यात एक स्टेपल, एवढाच माझा संसार. बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींमध्ये स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, खुणा दिसतात का, हे मी आईवडिलांना विचारते. मी फक्त शंका दाखवते, निदान पुढे डॉक्टर करतात. जाणत्या मंडळींनी वर्षानुवर्षं मुलांचं निरीक्षण करून माझा एकेक प्रश्न घडवला. त्या मुलांत मुली मात्र फारच थोड्या होत्या, हे माझं मोठं वैगुण्य. तरी शाळांची मुलं तपासणाऱ्या समुपदेशक बाई माझं फार कौतुक करत. माझ्यामुळे दहा मिनिटांत काम उरकतं, असं त्या सगळ्यांना सांगत, आणि मी फुशारून जाई.

एकदा शाळेनं एका तेरा वर्षांच्या मुलीला आईसोबत पाठवलं. मुलगी बोलायची कमी, म्हणून घरी तिचं नाव मुनीबाई पडलं होतं. मधल्या सुट्टीत ती स्वच्छतागृहात कडी लावून बसायची. आई गणिताची शिक्षिका, त्यामुळे छापील प्रश्न दिसले की तिला परीक्षाच दिसे. 'नजरेला नजर देते का?' होय. 'मैत्रिणी आहेत का?' होय. खरं तर समोरच्याच्या दोन भुवयांमध्ये बघायचं, हे आईनंच तिला रोज आरशासमोर बसवून शिकवलं होतं. आणि मैत्रीण म्हणजे शेजारची पाच वर्षांची पोर. पण लेक नापास होऊ नये म्हणून माउलीनं चांगलं तेवढंच टिपलं.

बाईंनी बेरीज केली. "काळजीचं काही नाही. वयच असं असतं." त्यांनी मुलीकडे मान वर करून पाहिलंही नाही, कारण सगळी भिस्त माझ्यावर. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मला फार लाज वाटली. मग मी फाइलीत गेले आणि दोन वर्षं कपाटात धूळ खात पडले.

काल मला बाहेर काढलं. आई एकटीच आली होती. सात महिने झाले, मुनी शाळेत गेली नव्हती. आता ती खोलीबाहेरही येत नव्हती.

"तेव्हा मी सगळं खोटं भरलं हो," आई म्हणाली. "मला वाटलं, पैकीच्या पैकी मिळाले तर तिला कुणी नावं ठेवणार नाही."

बाईंनी माझी जुनी पानं मिटली. "मी तरी तिला कुठे काही विचारलं? उद्या मी घरी येते. दाराआडून बोलली तरी चालेल."

त्यांनी माझी कोरी प्रत पुढे सरकवली. 'एकटी असताना ती काय करते?' या प्रश्नाशी आईचं पेन अडलं. खूप आठवून तिनं लिहिलं, 'मला माहीत नाही.' मला मिळालेलं तिचं पहिलं खरं उत्तर ते होतं.

मित्रांनो, मला खुशाल भरा, पण खरं भरा. आणि भरून झालं की मला बाजूला ठेवून त्या मुलाजवळ जाऊन बसा. मुनी आता पंधरा वर्षांची आहे. तिला काय होतं, हे अजून कुणी तिला विचारलेलं नाही.