टाकीत फुगवलेला फुगा

जानकीच्या नडगीच्या हाडात पू झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ऑपरेशन झालं, दोन महिने इंजेक्शनं झाली, तरी जखम भरेना. तेव्हा अंधेरीच्या एका इस्पितळात डॉक्टर पद्मजाबाईंनी सांगितलं, औषधं चालूच राहतील, पण जोडीला रोज दीड तास टाकीत बसायचं. तिथल्या वाढलेल्या दाबात मास्कमधून प्राणवायू घेतला की तो हाडापर्यंत पोचतो आणि जंतूंची पंचाईत होते.

टाकी लोखंडी, खोलीएवढी, गोल खिडक्यांची. पोराबरोबर मोठं माणूस लागे, म्हणून जानकीचा बाप दत्ताराम आत बसायचा. संपात गिरणी गेल्यापासून तो एका कंपनीत शिपाई होता. आपण कशाला भितोय, असं त्याने घाटकोपरच्या अख्ख्या चाळीला सांगितलं होतं. पण दार बंद झालं, की तो लेकीचा हात गच्च धरायचा आणि डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचा. कानात दडे बसले की आवंढा गिळायचा, हेही तिलाच त्याला शिकवावं लागलं.

यंत्रावरचा जयवंत मुलांना गंमत म्हणून आत एक फुगा बांधून ठेवी. दाब वाढला, की नारळाएवढा फुगा मोसंबीएवढा व्हायचा. दाब उतरला, की पुन्हा नारळ. जानकीने चार दिवस ते पाहिलं आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. आत बसूनच फुगवला तर?

प्राणवायूत ठिणगीचीही आग होते, म्हणून पाचव्या दिवशीही नर्सने नेहमीसारखं काडेपेटी, कंगवा, केसांचं तेल, काही जवळ नाही ना ते तपासलं. जानकीच्या मुठीतला लाल फुगा तेवढा नजरेतून सुटला. दाब पुरा चढल्यावर जानकीने तो बापापुढे धरला. मास्क असल्यामुळे तिला फुगवता येत नव्हतं. काहीतरी करायला मिळालं म्हणून दत्तारामही खूश झाला. त्याने फुगा टम्म फुगवला, गाठ मारली आणि मांडीवर घेऊन पुन्हा डोळे मिटले.

दाब उतरू लागला. फुगा वाढत वाढत त्याच्या हनुवटीला टेकला. जानकी हसू दाबत बघत होती. फाटकन आवाज झाला.

"जानक्ये, टाकी फुटली गो," म्हणत दत्तारामने तिला ओढलं आणि बाकाखाली तिच्यावर पालथा पडला. त्याची छाती इतकी धडधडत होती, की तिचं हसू जिथल्या तिथे विरलं.

स्पीकरवर जयवंत काय झालं विचारत होता. बाप काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "फुगा माझा होता. बाबाला काही माहीत नव्हतं."

पद्मजाबाईंनी दोघांनाही झापलं. मग फुगा वाढणार हे तुला कसं कळलं, असं विचारलं आणि उत्तर ऐकून तोंड फिरवलं. हसू लपवायला असणार. उद्यापासून आईला पाठवा, एवढं त्या म्हणाल्या. दत्ताराम ऐकेना.

"मीच बसणार. व्हायचं ते तर होऊन गेलं ना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो डोळे उघडे ठेवून बसला.

तिसाव्या दिवसानंतर जखमेवर नवी कातडी धरली. चाकू, इंजेक्शनं आणि टाकी, तिघांनी मिळून केलं, असं पद्मजाबाई म्हणाल्या. गणपतीत जानकी चाळीचा जिना एकटी उतरली, आणि खाली पोचल्या पोचल्या शेजारच्या शकूशी रांगोळीवरून भांडली.